कलशाखालचं मॅन्युअल

खोपोलीच्या ज्या कारखान्यात मी ऐंशीच्या दशकात नोकरीला लागले, तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीत मी एकटीच बाई. हुद्दा टायपिस्टचा. कोबोल ही प्रोग्रॅमची भाषा मी रविवारी क्लासला जाऊन शिकले होते, पण आमच्या साहेबांचं एकच पालुपद. "बाई, तुम्ही आकडे भरा. प्रोग्रॅमच्या भानगडीत पडू नका." खालापूरकडच्या भातशेतीवाल्याची मुलगी प्रोग्रॅम लिहील, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. मला ते उतरवायचंच होतं.

कोबोलचं मॅन्युअल एकच, विटेएवढं जाड, साहेबांच्या कपाटात कुलपात. काही अडलं की सही करून ते मागायचं आणि पानं चाळत बसायचं. मी खोपोलीतल्या शिळफाट्याला एसटीतून उतरले की डोक्यात तेच पुस्तक. जेवणाच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत संपवायचे आणि ते थोडं थोडं मशीनमध्ये उतरवायचे. प्रत्येक आज्ञा, तिचा अर्थ, एक उदाहरण, शेवटी चुकांच्या नंबरांची यादी. आठ महिने लागले. मग शोधणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. काळ्या पडद्यावर 'शोध' टाइप करायचं, पुढे हवा तो शब्द. तेवढाच मजकूर हिरव्या अक्षरांत समोर. साहेबांना दाखवलं तर हसले. "पुस्तक असताना त्याची नक्कल कशाला?" असा राग आला! पण गिळला आणि ते सगळं ज्या फ्लॉपीवर होतं ती ड्रॉवरमध्ये ठेवली.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा. आमच्या खोलीतली पूजा म्हातारे शिपाईमामा मांडायचे. त्या वर्षी साहेबांनी हौसेने मॅन्युअलही पाटावर ठेवलं आणि त्यावर स्वतःच्या हाताने कलश. दुपारी मालाची यादी छापायला घेतली, तर प्रोग्रॅम मध्येच थांबला. पडद्यावर नुसता नंबर, चौतीस. बाहेर ट्रक त्या यादीसाठी खोळंबलेले. साहेबांचा हात कलशाकडे गेला तसे मामा आडवे आले.

"सायेब, कलश हालवायचा नाय. उद्या उत्तरपूजा झाली की मंग घ्या."

साहेब घामाघूम. स्वतः मांडलेली पूजा मोडायची छाती होईना, आणि चौतीस म्हणजे काय ते आठवेना. मी ड्रॉवर उघडला, दुसऱ्या मशीनमध्ये फ्लॉपी घातली. 'शोध ३४'. उत्तर आलं, फाईलला डिस्कवर जागा उरलेली नाही. साहेबांना विचारून जुन्या फायली पुसल्या, प्रोग्रॅम पुन्हा चालवला आणि प्रिंटर खडखडू लागला. तेव्हा मला माझा केवढा अभिमान वाटला! आजही वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

"हे तुम्ही एकट्यांनी केलंत?" साहेबांनी विचारलं.

"जेवणाच्या सुट्टीत," मी म्हटलं.

दिवाळीनंतर त्यांनी मला माझा पहिला प्रोग्रॅम लिहायला दिला.

पुढच्या खंडेनवमीला सकाळीच मामा माझ्या टेबलापाशी आले. "ताई, तुमची ती काळी फ्लापी द्या. सायेब म्हनतात, पूजंत ठेवायची."

"देते. पण मामा, तिच्यावर हळदकुंकू नका हो टाकू, बिघडेल."

साहेबांनी ती घेऊन मॅन्युअलच्या वर ठेवली आणि कलश बाजूला मांडला. नमस्कार करून वळले, आणि मामांना ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाले, "मॅडम, आज अडलं तर?"

"दुसरी प्रत ड्रॉवरमध्ये आहे," मी म्हटलं.