दुखरा अंगठा डावा होता

"म्याडम, लिहून लिहून पोरीचा अंगठा गेला बघा," वडील सांगत होते. औशाजवळच्या खेड्यातून आले होते. शेजारी मुलगी, स्नेहल. बारावी सायन्स, लातूरला होस्टेलवर राहून नीटची तयारी.

मी फिजिओथेरपिस्ट. तिला अंगठा मुठीत धरायला लावला आणि मनगट करंगळीकडे वाकवलं. ती कळवळली. अंगठा हलवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटापाशी एका अरुंद नळीतून जातात. फार घासल्या की सूज येते. तान्हं बाळ सतत उचलणाऱ्या आयांना हे होतं. निदान सोपं होतं, एक गोष्ट सोडून.

"लिहितेस कोणत्या हातानं?"

"उजव्या."

दुखणारा हात डावा होता.

"मोबाईल किती वेळ बघतेस?"

"लेक्चर असतात, मॅडम." उत्तर मला दिलं, बघितलं वडिलांकडे.

"अभ्यासाचंच हाय समदं," वडील म्हणाले.

लेक्चर बघायला अंगठा लागत नाही, हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. ओपीडीत गर्दी होती. अंगठा हलू नये म्हणून स्प्लिंट, म्हणजे पट्टा, दिला. कागदावर 'मोबाईल कमी' लिहिलं.

पंधरा दिवसांनी दोघं परत आले. डाव्या हाताचं दुखणं कमी होतं. आता उजवा दुखत होता.

"परीक्षा कशी द्यायची हिनं?" वडील हबकले होते. "त्यापेक्षा गावाकडं नेतो."

त्यांना बाहेर बसवलं. स्नेहलला फोन टेबलावर उलटा ठेवायला सांगितला आणि व्यायाम शिकवू लागले. फोन वाजला नाही, तरी तिचा हात तिकडे गेला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा ती स्वतःच थबकली.

"रील्स बघत बसते मॅडम. डाव्याला पट्टा बांधला तर उजव्यानं. पुस्तक उघडलं की हात तिकडंच जातो. लई ठरवून पाह्यलं, न्हाई थांबता येत." मग ती रडली. टेस्टमध्ये मार्क घसरलेत, हे घरी माहीत नव्हतं.

तिला विचारून वडिलांना आत बोलावलं, सगळं सांगितलं.

"दे इकडं, फोडूनच टाकतो!"

"काका, दुखतंय तरी सोडता येत नाही. हे व्यसन आहे. फोन फोडलात तर ती मैत्रिणीचा घेईल. समुपदेशकाकडे न्या."

"येडी न्हाई माझी पोरगी."

"नाहीच. म्हणून तर तिनं स्वतः सांगितलं."

ते उठून स्नेहलजवळ गेले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "कुठं हाय ते समुपदेशक, पत्ता द्या."

स्नेहलच्या हातात साधा बटणांचा फोन आला. स्मार्टफोन होस्टेलच्या रेक्टरबाईंकडे, लेक्चरपुरता मिळायचा. पहिल्याच आठवड्यात तिनं मैत्रिणीचा फोन घेतला आणि समुपदेशकांना जाऊन सांगूनही आली. दोन्ही मनगटं तीन महिन्यांत मोकळी झाली. नीट दिली, एमबीबीएसला नंबर लागला नाही. सध्या नांदेडला नर्सिंग करते आणि बरी आहे.

फोन किती वेळ बघतोस, असं मी आता विद्यार्थ्यांना विचारत नाही. खरा आकडा त्यांनाही माहीत नसतो. सोडून पाहिलास का आणि मग काय झालं, एवढंच विचारते. त्याआधी पालकांना बाहेर बसवते.