भरदुपारी फुटलेली उल्का

अमेरिकेतल्या अल्फारेटातले गुरुदत्तकाका निवृत्त इंजिनिअर. शोभनाकाकू गेल्यावर त्यांच्या मुलाने, निहारने, अ‍ॅशबर्नहून येऊन दारावर कॅमेरा बसवला. समोर कुणी हललं की तो चालू होई आणि व्हिडिओ निहारच्या फोनवर जाई. "आता रोज दिसाल मला," असं म्हणून तो गेला, आणि हळूहळू त्याचे फोन थांबले. काकाही आपणहून करत नसत. मीटिंगमध्ये असेल, म्हणत.

जूनमधल्या त्या दुपारी आकाशात लख्ख उजेड पडला आणि पाठोपाठ असा धमाका झाला की घराघरांतल्या काचा थरथरल्या. उल्का हवेतच फुटली होती. थोड्या वेळाने शेजारची सलोनी आपल्या सातवीतल्या लेकीला, उर्वीला, घेऊन काकांकडे आली. सलोनीच्या दाराशी तेव्हा कुणीच नव्हतं, त्यामुळे तिच्या कॅमेऱ्याने काही टिपलं नव्हतं.

उर्वीला वेगळीच काळजी. "खूप मोठा दगड आला तर, काका? कॅन वी स्टॉप इट?"

"थांबवायचा नाही गं. दहा वर्षं आधी यान पाठवून हलकासा धक्का द्यायचा. तेवढ्याने तो पृथ्वीला चुकवून जातो. अगदी जवळ आल्यावर मात्र फार काही करता येत नाही."

काकांच्या कॅमेऱ्यात उल्का आली का, हे निहारला विचारायचा सलोनीने आग्रह धरला. काका घुटमळले, मग त्यांनी फोन लावला.

निहारला व्हिडिओ सापडला. झाडांवरून एक पांढरी रेघ, क्षणभर. तो खूश झाला, आणि मग त्याने चित्र पुन्हा नीट पाहिलं. खाली पायरीवर, उल्केकडे पाठ आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून बाबा बसले होते. मांडीवर वरणभाताचं ताट. कालच्या व्हिडिओतही ताट होतं, परवाच्याही.

"बाबा, एवढ्या उन्हात बाहेर का जेवता?"

सलोनी उर्वीला घेऊन अंगणात सरकली.

"तुला दिसावं म्हणून," काका म्हणाले. "बघतोस ना?"

"नोटिफिकेशन्स बंद आहेत, बाबा. मार्चपासून."

काका नुसतं "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताट आत टेबलावर घेतलं. साडेबाराला फोन वाजला.

"दोनच मिनिटं आहेत, बाबा."

"पुरेत," म्हणत काका भात कालवू लागले.

बोलणं संपलं तेव्हा निम्मं जेवण उरलं होतं. उरलेलं त्यांनी खिडकीबाहेर बघत सावकाश संपवलं.