घोडा तोच, मिशा त्याच

सिनेमाच्या दुसऱ्या भागाचा धंदा मी आयुष्यात एकदाच केला. त्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्राच ती. कोणी दंडार नाचवतो, कोणी पाळणे लावतो. मी सिनेमाचा तंबू घेऊन जायचो. त्याच मंडयांत आधी फुटाणे विकले होते, मग मोडीत निघालेलं, हातानं फिरवायचं यंत्र घासाघीस करून घेतलं. चित्रं मुकी असत. पडद्यावर मजकुराची पाटी आली की ती मी ओरडून आमच्या बोलीत सांगायचो. गोंदियात स्टेशनजवळ माझी एक खोली होती. तिथं जेवलास का, असं विचारणारं कोणी नव्हतं.

एका वर्षीच्या चित्रात एक शिपाई होता. राजाची माणसं त्याला घेरतात, तो घोड्यासकट कड्यावरून नदीत उडी घेतो, पाणी हलत राहतं, आणि खेळ संपतो. दवनीवाड्याच्या मंडईत लोक उठेचनात.

"पुढं काय?"

"पुढं आपापलं घर," मी म्हटलं. लोक हसले, पण वाद सुरू झाला तो वर्षभर पुरला. मेला की वाचला? मी कुठल्याही बाजाराला निघालो की आपल्या बैलगाड्या थांबवून लोक विचारायचे. माझ्यासारख्या एकट्या माणसाला असं थांबवणारं दुसरं काही नव्हतं.

दवनीवाड्यात एक म्हातारी राहायची. तिचा एकुलता मुलगा आदल्या पावसाळ्यात वैनगंगेत डोंगा उलटून गेला होता. प्रेत सापडलं नव्हतं. गावानं त्याला मेलेला धरलं, तिनं नाही. मी त्या बाजूला गेलो की ती मला ओट्यावर बसवायची, पेज वाढायची आणि म्हणायची, "सांग गा, कसा उडला तो?"

मी सांगायचो. पुढचं ती सांगायची.

"पोहून निघाला असंल. खालच्या अंगाले ढिवराईनं जाळ्यात काढला असंल. आता घरी याले लाजून राहिला."

"लाजते कायले, माय?"

"धोतर वाहून गेलं ना. उघडा कसा येईल?"

आम्ही दोघं हसायचो. कोणाबद्दल बोलतोय ते दोघांनाही ठाऊक होतं. त्याचं नाव मी कधी घेतलं नाही.

मग दुसरा भाग निघाल्याचं कळलं. चित्रं भाड्यानं देणाऱ्या नागपूरच्या व्यापाऱ्याकडं सबंध दिवस बसून मी तो पदरात पाडला. मंडईच्या आधीच म्हातारीला जाऊन सांगितलं, "माय, निघाला तो नदीतून." ती नवं लुगडं नेसून आली आणि पडद्यासमोर पहिल्या ओळीत बसली.

शिपाई पाण्यातून वर आला. लोकांनी शिट्या मारल्या. मग त्याचा चेहरा जवळून दिसला. माणूस दुसराच होता. तोंड रुंद, डोळे बारीक. चित्र काढणाऱ्या कंपनीचं जुन्या नटाशी बिनसलं होतं म्हणे.

म्हातारी मागं वळली. "हा तो नाही गा."

"तोच आहे, माय. पाटीवर लिहून आहे."

"पाटी तू वाचतेस. तोंड तं मी पाहून राहिली."

"बुढे, लढाई पाहू दे," मागून कोणीतरी ओरडलं. ती शेवटपर्यंत बसली. या खेपेला दोन कडे होते, दुप्पट तलवारी होत्या, आणि नंतर एकही शिटी वाजली नाही.

नागपूरला जाऊन मी व्यापाऱ्याच्या टेबलावर मूठ आपटली. तो म्हणाला, "अरे सेठ, घोडा वही, मूँछ वही. पब्लिक को और क्या चाहिए?" आणि चहा मागवला. या लोकांना वाटतं, माणसं त्या शिपायाला बघायला परत येतात. पहिल्या खेळानं नदीत एक जागा मोकळी सोडली होती. ज्यानं त्यानं तिथं आपला माणूस ठेवला होता. यांनी तिथं भाड्याचा माणूस उभा केला आणि त्या सगळ्यांना तिथून उठवलं. त्यानंतर वाटेत गाडी कोणी थांबवली नाही. मी त्याच रस्त्यांनी, त्याच बाजारांना जात होतो. बैलांच्या घुंगरांचा आवाज जवळ यायचा आणि पुढं निघून जायचा.

पुढच्या भादव्यात, पितृपंधरवड्यात, मी म्हातारीकडं गेलो. कौलांवर पान वाढलेलं होतं. मुलाच्या नावानं पहिल्यांदाच.

"बस," ती म्हणाली. "आज कोनीतरी जेवाले पाहिजे."

तिनं कढी आणि उडदाचे वडे वाढले. सिनेमाचा विषय तिनं काढला नाही. मला सांगायचं होतं की पहिला शिपाई कुठंच मेलेला दाखवलेला नाही, त्याच्या जागी फक्त दुसरा उभा केला आहे. मी वडा कढीत बुडवला आणि जेवत राहिलो. वर कावळा आला. तिनं मान वर करून पाहिलं, तो पानाला शिवेपर्यंत पाहत राहिली, आणि माझ्या पानात आणखी एक वडा टाकला.