फळीवरची दोन मोदकपात्रं
दालचिनी मटणाच्या रश्श्यात पडली की वास गोड होतो. आज शेजारून तसा वास आला आणि मी बसल्या जागी आमच्या दहिवलीच्या जुन्या घरात पोचलो. बायको एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला जायची. तिथल्या मालकिणीचं माहेर मोरोक्कोचं, तिच्याकडून ही कुसकुस शिकून आली. म्हणजे रव्याचे दाणेच, खाली जर्दाळू घातलेलं मटण शिजतं आणि त्याच्या वाफेवर ते वर फुलतात. त्या दुपारी खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि वाफेत ती धुक्यातल्यासारखी दिसत होती, तेलाच्या हाताने दाणे मोकळे करत. मग माझी नजर भांड्यावर गेली. मोदकपात्र! "गणपतीच्या भांड्यात मटण? अक्कल हाय का गं तुला?" ती हात न थांबवता म्हणाली, "अवो, देवाचं वर फळीवर हाय. हे नवं आणलंय. वरडून झालं असंल तर जेवायला बसा." वर बघितलं, खरंच होतं. पण माघार घेणं मला कधी जमलं नाही. "मटणात जर्दाळू आमी नाय खात," म्हणालो आणि उपाशीच शेतावर गेलो. संध्याकाळी आलो तर ताट झाकलेलं, तीही जेवलेली नाही. गार कुसकुस दोघांनी एका ताटात खाल्ली. चांगली होती. तेवढं मात्र मी बोललो नाही, आणि आता ती नाही. परवा सुनेने फळीवरची दोन्ही मोदकपात्रं खाली काढली आणि विचारलं, "बाबा, देवाचं कुठलं?" ते फक्त बायकोलाच ठाऊक होतं. मी म्हणालो, "कुठलंबी घे गं. दोन्ही देवाचीच."