टोपीवाल्याचं आयर्लंड

"व्हिजिट व्हिसावर जायचं आणि तिथे उतरलं की वर्क परमिटमध्ये कन्व्हर्ट करून घ्यायचं," प्रथमेश मला समजावत होता. रत्नागिरीत व्हिसाच्या फायली करता करता माझे केस पिकले, त्या मला.

तो जयगडच्या पोर्टवर क्रेन चालवतो. जायचं होतं त्याच्या बायकोला, सायलीला. ती इथल्या एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूची नर्स. कामात चोख, नवऱ्यासमोर गप्प; आत्ताही त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती.

"हे कुणी सांगितलं?"

त्याने मोबाइल पुढे केला. लोकरी टोपी घातलेला एक इसम बर्फात उभा राहून 'आयर्लंडमध्ये नर्सना रेड कार्पेट' असं ओरडत होता. त्याच्या मागे 'गरम चाय' अशी हिंदी पाटी स्वच्छ वाचता येत होती.

मी म्हटलं, "व्हिजिट व्हिसा म्हणजे पाहुणी. राहायचं, फिरायचं, परत यायचं. काम करताना सापडली तर परत पाठवतील, पुन्हा व्हिसा मिळणं मुश्कील."

"मॅडम, लाखो लोक बघतात त्याला."

"बघतात ना. त्यातले गेले किती?"

आमच्याकडे माणूस मिरकरवाड्याला सुरमई घेताना कल्ले उघडून बघतो, चार जणांना भाव विचारतो. देश निवडायला मात्र त्याला एक व्हिडिओ पुरतो.

सायली त्याच दुपारी राजीनामा देणार होती. कागद पर्समध्ये तयार होता. मी तिला विचारलं, "तिथे खरोखर नोकरी करणारं कुणी ओळखीचं आहे?"

"बॅचमेट आहे, वृषाली. पण हे म्हणाले, कुणाला सांगू नको, नजर लागते."

"लाव फोन."

वृषाली स्पीकरवर आली. "व्हिजिटवर येऊ नको गो. आधी इंग्लिशची परीक्षा, मग इथल्या नर्सिंग बोर्डाकडे नोंदणी, मग हॉस्पिटलची ऑफर, मग परमिट. मला वर्षाच्या वर लागलं. आणि इथे राहायला घर मिळता मिळत नाही, ते आधी बघ."

फोन ठेवल्यावर प्रथमेश म्हणाला, "ती कशाला खरं सांगेल?"

"आणि तो टोपीवाला कशाला सांगेल?" सायली म्हणाली. राजीनामा तिने माझ्या टेबलावरच फाडला.

सगळं रीतसर करून ती गेली. आता डब्लिनजवळच्या हॉस्पिटलात आहे. तिच्या माहेरच्या, पावस गावच्या नर्स झालेल्या मुली तिला फोन करतात. ती परीक्षा, नोंदणी, घराची मारामार, सगळं खरं सांगते. मग त्यांच्या आया माझ्या ऑफिसात येऊन बसतात. "स्वतः गेली, आता दुसऱ्यांना येऊ देत नाही हो ती."

लोकांना माहिती नको असते, होकार हवा असतो. तो देणारे मोबाइलात हवे तितके आहेत.