एका लिटरची बाटली

गाडी पेट्रोल जास्त खाते म्हणून कुणी माझ्या मंगळवार पेठेतल्या गॅरेजात आलं, की मी आधी त्याला चहा पाजायचो आणि बॉनेट न उघडताच निदान सांगून टाकायचो. टायरात हवा कमी, नाहीतर ब्रेक धरतोय, नाहीतर कार्बोरेटरात घाण. दहातल्या नऊ वेळा बरोबर यायचं. त्यामुळं मला थोडी मस्ती होती, नाही म्हणत नाही. अजूनही आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गुळाचे एक व्यापारी आपली जुनी पांढरी गाडी घेऊन आले. सोबत त्यांचा ड्रायव्हर. शिरोळकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. मी त्याला मामा म्हणायचो. बारा वर्षं तो ती गाडी चालवत होता. तो कमी बोलायचा ती कसर शेट भरून काढायचे.

"मिस्त्री, लिटरला तेरा देणारी गाडी आटावर आलीया. गाडी पितीया का माणूस पितोय, तेवढं बगून सांगा."

मामा शेजारीच उभा होता. त्यानं खाली बघितलं.

प्लग काढले तर काजळीनं काळे. म्हणजे इंजिनात हवा कमी आणि पेट्रोल जास्त जात होतं. कार्बोरेटर उघडून धुतला, आतली सुई बदलली, प्लग घासून लख्ख केले, ब्रेक मोकळे केले. पंधरा दिवसांनी शेट परत दारात. फरक शून्य. मग मी माझा हुकमी उपाय काढला. जुने प्लग काढून डब्यात टाकले, नवे बसवले. टाकीची नळी सोडवून तिच्या जागी एक लिटर पेट्रोलची बाटली बॉनेटखाली बांधली. बाटली संपेल तिथं गाडी थांबणार, तेवढंच तिचं ॲव्हरेज. त्यात खोटं बोलायला जागाच नाही.

शेटना सौद्याची घाई होती, त्यामुळं मामा आणि मी दोघंच निघालो. पंचगंगेचा पूल गेला, शिरोली गेली, आणि सांगली रस्त्याला हेर्ल्याच्या अलीकडं गाडी थांबली. तेरा किलोमीटर पुरे. मी स्वतःवर खूश. मामाही हसला. हा निकाल आपल्याच अंगावर येणार आहे हे त्या भल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मी बरोबर ठरलो होतो ना.

"गाडीत काय बी दोष न्हाय," मी शेटना सांगितलं. "मोजून सांगतोय."

दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात, गुळाचा सौदा रंगात असताना, सगळ्यांदेखत शेटनी मामाला पेट्रोलचोर म्हटलं आणि गाडीची किल्ली काढून घेतली. मिस्त्रीनं मोजून दिलंय, असं माझ्या नावानं सांगितलं. मामा घरी जायच्या आधी गॅरेजवर आला. मला वाटलं, भांडायला आलाय.

"तुमी मोजलंयसा," तो म्हणाला. "आता मी काय बोलू?"

आणि तो स्टँडकडं चालू लागला.

चार दिवसांनी डबा आवरताना ते जुने प्लग हातात आले. पंधरा दिवसांत पुन्हा काळेकुट्ट झालेले. टाकीतून चोरलेलं पेट्रोल इंजिनात येत नाही, ते प्लग काळे करत नाही. जादा गेलेलं सगळं पेट्रोल गाडीतच जळालं होतं. ते प्लग मी स्वतः काढले, नवे लावले, आणि एकदाही विचारलं नाही की हे परत काळे का झाले. मला स्वतःची लाज वाटली. रागही आला, तोही स्वतःचाच.

मग प्रश्न उरला एकच. रोज गाडीत असतं आणि त्या दिवशी नव्हतं, असं काय? उत्तर सोपं होतं. शेट.

मी त्यांना गाठलं. "परत बाटली लावतो. ह्या वेळी तुमी बसा. रोज बसतायसा तसं."

खूप बोलले, पण आले. मी चालवायला, ते शेजारी. बसल्या बसल्या त्यांनी हातातली जड कापडी पिशवी डॅशबोर्डखालच्या एका बटणाला अडकवली.

"त्यात काय हाय?"

"गुळाचं नमुनं. खायची वस्तू पायाशी ठेवू व्हय? मांडीवर घेतला तर धोतराला चिकटतोय."

ते बटण चोकचं होतं. थंड गाडी सुरू करताना ते ओढायचं असतं, म्हणजे हवा अडते आणि पेट्रोल जास्त येतं. गाडी तापली की आत ढकलायचं. मी ते ढकललंच होतं. खड्ड्याखड्ड्याला पिशवीनं ते पुन्हा अर्धं बाहेर ओढलं. मी बघत राहिलो आणि मुद्दाम गप्प बसलो. पंचगंगेचा पूल ओलांडला आणि गाडी थांबली. सात किलोमीटर.

पिशवी काढून मी शेटच्या मांडीवर ठेवली आणि बटण दाखवलं.

"लई वर्सं अडकवतोय की हितं," ते म्हणाले. आवाज पार उतरला होता.

"आदी घट्ट हुतं. आता झिजलंय."

त्याच दिवशी आम्ही मामाच्या गावी गेलो. तो गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होता. शेट दारातच म्हणाले, "चुकलं माझं. उद्यापासनं ये."

मामानं हात झटकले. "हितं गोठ्यात नगं, मालक. जितं बोललायसा तितं बोला." मग माझ्याकडं वळला. "मिस्त्री, तुमी बी या."

सकाळी सौद्यात शेटनी खाली मान घालून दोन वाक्यं उरकली. मग माझी पाळी. मी रात्रभर सगळं जुळवून ठेवलं होतं, प्लग, बाटली, पिशवी.

"त्याचं असं झालं, गाडीचा चोक..."

मामानं माझा दंड धरला. "चोकचं ऱ्हाऊ दे. मी चोर न्हाय, तेवढं सांगा."

मी सांगितलं. भाव पुकारणाऱ्यांच्या गलक्यात ते शेजारच्या दोघांनाच ऐकू गेलं असेल. मामा हलला नाही.

"मागच्यास्नी ऐकू गेलं न्हाय," तो म्हणाला. "परत."

मी गुळाच्या एका रिकाम्या खोक्यावर चढलो आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "ह्यो माणूस चोर न्हाय. मोजणारा मी चुकलो."

सौदा थांबला. मामानं सगळ्यांकडं एकदा सावकाश बघून घेतलं, आणि मग शेटपुढं किल्लीसाठी हात पसरला.