अर्थिंगला रोज एक बादली

"चिमटा बसला का नुसत्या मुंग्या आल्या? नीट सांग."

"मुंग्या, काका. नळाला हात लावला की इथपर्यंत." भाडेकरू शेफालीनं कोपर दाखवलं.

"मंग पयला गिझर बंद कर. आन् त्या नळाला लांबूनच नमस्कार," सर्जेरावांनी बजावलं.

धायरीत सर्जेरावांची तीन मजली इमारत आहे. आठ खोल्या भाड्यानं दिलेल्या, मागं पत्र्याच्या गोठ्यात दोन म्हशी. बाकीची माणसं खिशाला पेन लावतात, सर्जेराव टेस्टर लावतात. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. तरणेपणी विहिरीवरच्या मोटारीनं त्यांना असं फेकलं होतं, की पायताण बांधावर आणि मालक उसात. कुणीतरी सांगितलं, अर्थिंग वाळलं होतं. तेव्हापासून त्यांनी एकच गोष्ट धरली: गळलेला करंट जमिनीत जायचा तर जमीन ओली हवी. म्हणून पायरीजवळच्या अर्थिंगच्या खड्ड्यात रोज सकाळी एक बादली पाणी. टँकर विकत घ्यायच्या दिवसांतही. त्यांच्या मंडळी मुक्ताबाई म्हणायच्या, "माझी तुळस वाळली तरी चालंल, ह्यांचा खड्डा भिजला पायजे."

त्या दिवशी सर्जेरावांनी चार बादल्या ओतल्या. मग शेफालीच्या खोलीत गेले, सगळ्यांना मागं सारलं, गिझर चालू केला आणि नळाला टेस्टर टेकवला. दिवा लागला. खाली येऊन अजून दोन बादल्या ओतल्या. परत वर जाऊन बघितलं, दिवा लागलाच.

"आता म्हशी आणून बसवा खड्ड्यात," मुक्ताबाई म्हणाल्या. "न्हाईतर त्या कचरूभाऊंना बोलवा."

कचरूभाऊ येरवड्याचे वायरमन. तीस वर्षं हेच काम, बोलणं मोजकं. आल्याआल्या त्यांनी मेन स्विच पाडला आणि कुदळ मागितली.

"खड्डा ओला हाय," सर्जेराव म्हणाले. "त्यात बघायसारखं काय नाय."

"ओला तर दिसतोयच, तात्या. बेडूक हाय आत."

हातभर खणल्यावर लोखंडी पट्टी लागली. खड्ड्यातून निघून घराकडं जाणारी ती पट्टी वीतभर गेली आणि संपली. पुढं ड्रेनेजचा पाइप होता.

"हा पाइप कवा टाकला?"

"झाली की चार वर्षं," मुक्ताबाईंनी सांगितलं.

"मंग पट्टी तवाच तुटली. घराचा आन् खड्ड्याचा संबंधच नाय."

सर्जेरावांनी उकिडवं बसून तुटकं टोक बोटानं चाचपलं. मुक्ताबाईंनी खड्ड्यात डोकावलं. "म्हंजी चार वर्षं बेडूक पाळला म्हणा की."

शेफाली हसली. कचरूभाऊ हसले नाहीत. ते मीटरच्या पेटीपाशी गेले, झाकण उघडलं, आत बघितलं.

"तात्या, ईएलसीबी बसवून दिलं व्हतं मी. कुठाय?"

सर्जेराव उठले, धोतराची माती झटकली. मग परत झटकली.

"गेल्या पावसाळ्यात काढलं. सारखं पडायचं. सारखा अंधार. भाडेकरू कटकट करायचे."

"आन् म्हणून काढलं."

"मला वाटलं, खड्डा हाय की."

"ते पडत व्हतं, कारण घरात कुठंतरी करंट गळत व्हता. माणसाला बसायच्या आत लाइन तोडायची, येवढंच त्याचं काम. राखणीचं कुत्रं भुंकतंय म्हणून तुमी ते हाकलून दिलं."

शेफालीचं हसू मावळलं. "म्हणजे मी आज..."

"पायात चप्पल व्हती का?" कचरूभाऊंनी विचारलं.

"स्लीपर होती. रबराची."

"म्हणून मुंग्यांवर भागलं. उघड्या वल्या पायानं असतीस, तर सांगायला आली नसतीस."

मुक्ताबाईंनी शेफालीला हाताला धरून पायरीवर बसवलं.

कचरूभाऊंनी वर जाऊन गिझर बघितला आणि कामं सांगितली. शेफालीच्या गिझरची कॉइल फुटलीय, तो खाली उतरवायचा. पट्टी नवी जोडायची. ईएलसीबी नवं आणायचं, जुनं नको. ते पडलं तर खटका खालीवर करत बसायचं नाही, फोन करायचा. तोवर आठही खोल्यांतली लाइन बंद.

"मी ग्रुपवर टाकते," शेफालीनं मोबाईल काढला. "मेंटेनन्स चालू आहे, असं लिहू?"

सर्जेरावांनी जरा विचार केला. तसं लिहिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं.

"नगं लिहू. मी जातो."

आठ दारं त्यांनी स्वतः वाजवली. दुसऱ्या मजल्यावरचा पियुष घरून नोकरी करतो. तो म्हणाला, "काका, पण अकराला माझी मीटिंग आहे. रीझन काय?"

"रीझन मी," सर्जेराव म्हणाले. "जीव वाचवायचं यंत्र बसवलेलं व्हतं, ते मी काढलं. माझी चूक. आज बसंल."

पियुषनं घड्याळ बघितलं. त्यानं लॅपटॉप उचलला आणि चहाच्या टपरीची वाट धरली. तिसऱ्या मजल्यावरच्या अपेक्षानं मात्र विचारलं, "काका, मागच्या महिन्यात आमच्या मुलाला तुम्हीच म्हणाला होता ना, आपल्या घरात करंटला भ्यायचं नाही?"

"म्हणालो व्हतो. आता भीत जा म्हणावं त्याला."

खाली आले तेव्हा कचरूभाऊ पट्टीचं माप घेत होते. गोठ्यात म्हशी ओरडत होत्या. वैरणीची वेळ टळून गेली होती आणि कडबा तोडायचं यंत्र विजेवरचं, मेन स्विच तर पाडलेला. सर्जेरावांनी यंत्राचा पट्टा काढला, चाकाला हाताची मूठ बसवली, बाह्या वर सारल्या आणि चाक फिरवायला घेतलं. मुक्ताबाई पुढ्यात बसून पेंढीपेंढीनं कडबा सारायला लागल्या.